मुलीचे सतत फोटो काढल्याने तिच्या मनावर परिणाम होतो का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. मुलगी साडेतीन वर्षांची आहे. नवऱ्याला फोटोंची मनापासून हौस आहे, त्यामुळे रोज पन्नासेक फोटो आणि काही व्हिडिओ निघतात. त्यातले काही नातेवाइकांच्या ग्रुपवर जातात, काही स्टेटसला. गेल्या दोन-तीन महिन्यांपासून फोन वर केला की ती पाठ फिरवते, नाहीतर डोळे घट्ट मिटून, दात दाखवून एकच ठरावीक हसू देते. संध्याकाळी मात्र फोन मागून घेऊन स्वतःचेच व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघत बसते. सासूबाई म्हणतात दृष्ट लागते, नवरा म्हणतो हे दिवस परत यायचे नाहीत. आणि तुम्हाला जाणून घ्यायचंय की याचा तिच्या मनावर वाईट परिणाम होतोय का, आणि किती फोटो म्हणजे जास्त.

मी लहान मुलांची मानसतज्ज्ञ आहे आणि हा प्रश्न हल्ली माझ्यासमोर वेगवेगळ्या रूपांत वारंवार येतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी धीराची गोष्ट. नुसते फोटो जास्त निघाले म्हणून मुलाच्या मनाला इजा झाली, असं मी माझ्या कामात पाहिलेलं नाही. भरमसाठ फोटो निघणाऱ्या घरांतली पुष्कळ मुलं अगदी मजेत असतात. त्यामुळे माझ्याकडे तुम्हाला द्यायला आकडा नाही. दिवसाला पाच फोटोसुद्धा जाचक होऊ शकतात, आणि पन्नास निघूनही मुलाला पत्ता नसतो. मी आईवडिलांना विचारते ते वेगळंच: फोन बाहेर आला की मुलाचं जे चाललं होतं ते चालू राहतं, की थांबतं? मूल मातीत खेळतंय, बाबा बाजूला बसून फोटो काढतायत, खेळ तसाच चाललाय, तर मुलाच्या दृष्टीने काही घडलेलंच नाही. पण ‘इकडे बघ’, ‘परत कर ना तसंच’, ‘बॉल जरा वर धर’, ‘आता आजीला टाटा कर’ असं सुरू झालं की तो खेळ मुलाचा राहत नाही. मुलगी पाठ फिरवते ती बहुधा फोटोला नाही, या मोडतोडीला कंटाळून. तुमच्या घरात बघण्यासारखी गोष्ट मला हीच वाटते.

अर्थात बरंच काही परिस्थितीवर अवलंबून आहे. मुलाचं वय, त्याचा स्वभाव आणि काढलेल्या फोटोचं पुढे काय होतं, या तीन गोष्टींनी उत्तर बदलतं. काही मुलांना जन्मतःच लोकांच्या नजरा आवडतात, काहींना चार पाहुणे बघायला लागले तरी आईच्या पदराआड जावंसं वाटतं. दोन्ही स्वभाव ठीकच आहेत, पण दुसऱ्या प्रकारच्या मुलाला कॅमेरा लवकर टोचतो.

वयाचं नीट सांगते, कारण तुमच्या मुलीच्या वागण्याचा अर्धा उलगडा तिथेच होतो.

तान्ह्या बाळाला कॅमेरा कळत नाही, चेहरा कळतो. १९७० च्या दशकात अमेरिकेत एडवर्ड ट्रॉनिक यांनी एक प्रयोग केला. आईने आधी बाळाशी नेहमीसारखं खेळायचं आणि मग दोन-तीन मिनिटं चेहरा अगदी निर्विकार ठेवायचा. बाळ आधी हसून, हात पुढे करून आईला परत खेळात ओढू बघतं. जमलं नाही की अस्वस्थ होतं, तोंड फिरवतं, शेवटी रडतं. हा प्रयोग फोनबद्दल नव्हता, आणि घडीभर फोन वर धरल्याने बाळाचं काही बिघडत नाही. तरी मी तो पालकांना सांगते, कारण बाळ पहिल्यांदा पालथं पडतं, मान उचलतं आणि ‘पाहिलंस का?’ अशा नजरेने आईकडे बघतं, त्या वेळी समोर फोनची पाठ असते. कधीमधी असं झालं तर ठीक. प्रत्येक नव्या गोष्टीच्या वेळी झालं तर बाळाच्या आनंदाला उत्तर मिळायचं राहून जातं. आधी हसून घ्यावं, टाळी वाजवावी, मग फोटो. बाळ पुन्हा पालथं पडणारच आहे.

फ्लॅशबद्दल बरेच पालक विचारतात. साध्या कॅमेऱ्याच्या फ्लॅशने बाळाच्या डोळ्यांना इजा होत नाही. उलट फ्लॅशच्या फोटोत एका डोळ्याची बाहुली नेहमीसारखी लाल न दिसता पुन्हा पुन्हा पांढरट दिसत असेल, तर मुलाला न थांबता डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या. बऱ्याचदा तो नुसता कोनाचा परिणाम असतो, पण डोळ्याच्या पडद्याच्या कर्करोगासारखा गंभीर आजार अशा फोटोतून पहिल्यांदा लक्षात आल्याची उदाहरणं आहेत. मूळ विषयाशी याचा संबंध कमी आहे, पण इतके फोटो काढणाऱ्या घराला हे माहीत असलेलं बरं.

दीड ते दोन वर्षांच्या सुमारास मोठा बदल होतो. १९७२ साली ब्यूला अ‍ॅमस्टरडॅम यांनी मुलांच्या नाकावर नकळत रंगाचा ठिपका लावून त्यांना आरशासमोर आणलं. त्याआधीच्या वयाची मुलं आरशातल्या बाळाशी खेळतात. या वयाची मुलं स्वतःच्या नाकाला हात लावू लागतात. ‘ती मीच’ हे कळतं. आणि ते कळलं की पाठोपाठ ‘लोक मला बघतायत’ हेही कळतं. मायकेल लुईस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये अशा मुलांचं भरभरून कौतुक केलं, त्यांना मोठ्यांसमोर नाचून दाखवायला सांगितलं, आणि पाहिलं की आरशात स्वतःला ओळखणारी मुलं जास्त संकोचतात. नजर चुकवतात, ओशाळं हसतात, कपड्याशी चाळा करतात. मुलाला नाचायला सांगणे आणि सगळ्यांनी बघणे, हे आपल्याकडे रील काढताना रोज होतं. तेव्हा दोन वर्षांचं मूल अचानक ‘लाजायला लागलं’ म्हणजे त्याला काही झालं नाही. त्याची समज वाढली.

तुमची मुलगी त्याही पुढच्या टप्प्यावर आहे. डॅनियल पोव्हिनेली आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये खेळता खेळता मुलांच्या डोक्यावर गुपचूप एक स्टिकर चिकटवला आणि काही मिनिटांनी त्यांना त्याच खेळाचा व्हिडिओ दाखवला. दोन-तीन वर्षांची मुलं पडद्यावरच्या मुलाकडे बोट दाखवून स्वतःचं नाव सांगत, पण स्वतःच्या डोक्यावर हात नेत नसत. चारच्या आसपासची बहुतेक मुलं लगेच स्टिकर काढत. मघाशी तिथे होते ती आणि आता इथे बसलेय ती एकच, हा धागा साडेतीन-चारच्या वयात जुळतो. संध्याकाळी ती स्वतःचे व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघते, त्याकडे मी या अंगानेही बघते. तिला स्वतःचं वेड लागलेलं नाही. ‘ही मी लहान असताना’, ‘इथे मी पडले होते’, असा मागचा-पुढचा संबंध ती लावत असते. मग काळजीचं असेल ते एवढंच की ती एकटी बघते आणि फोन हातातून सुटत नाही. तुम्ही शेजारी बसा. दोन-तीन व्हिडिओ एकत्र बघा, त्यावर बोला, आणि फोन ठेवून द्या. बोलणं का महत्त्वाचं, ते पुढे सांगते.

आता पाठ फिरवण्याबद्दल. तीन-साडेतीनच्या मुलाच्या हातात फार थोड्या गोष्टी असतात. काय खायचं, कुठे जायचं, केव्हा झोपायचं, सगळं मोठे ठरवतात. आपला चेहरा द्यायचा की नाही, ही त्याच्या ताब्यातली गोष्ट आहे. ती ‘नको’ म्हणते तेव्हा तुमच्यासमोर दोन वाटा असतात. ‘अगं एकच, पटकन, मग चॉकलेट देते’ असं म्हणून फोटो मिळवायचा, किंवा ‘बरं, नको’ म्हणून फोन खाली ठेवायचा. पहिल्या वाटेने फोटो मिळतो, पण मुलगी शिकते ती गोष्ट वाईट आहे: माझ्या नकाराला किंमत नाही, आणि माझ्या शरीराबद्दल मोठ्यांनी गोड बोलून आग्रह केला की मी हो म्हणायचं असतं. आपण एकीकडे मुलांना चांगला स्पर्श-वाईट स्पर्श शिकवतो, शाळेत त्यावर सत्रं घेतो, आणि घरी दिवसातून दहा वेळा तिचा नकार मोडून काढतो. ही विसंगती मला फार खटकते. म्हणून फोटोच्या बाबतीत साडेतीन वर्षांच्या मुलीचं ‘नाही’ पूर्ण मानावं, असं माझं ठाम मत आहे. लग्नाचा, कुटुंबाचा एखादा ग्रुप फोटो असेल तर आधी सांगून, ‘एकच फोटो, मग आपण खेळायला जाऊ’ असं ठरवून घ्यावा आणि दिलेला शब्द पाळावा.

आणि ते ठरावीक हसू. ते बघून पालक घाबरतात की मूल खोटं वागायला शिकतंय. मी तसं मानत नाही. ‘स्माइल कर’ या हुकमाला तिने शोधलेला तो सगळ्यात झटपट सुटकेचा मार्ग आहे. हुकूम थांबले की ते हसूही काही दिवसांत विरतं.

याहून खोल जाणारी एक सवय मी मुलांत बघते, ती सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. चार वर्षांचा एक मुलगा. ठोकळ्यांचा मनोरा झाला की आईकडे धावायचा, ‘फोटो काढ!’ फोटो निघाला की मनोऱ्याकडे ढुंकूनही बघायचा नाही. माझ्या खोलीत खेळताना त्याने चार ठोकळे रचले, माझ्याकडे पाहिलं, ‘फोटो नाही काढत?’ असं विचारलं आणि खेळ टाकून उठला. त्याला काही आजार नव्हता. खेळ फोटोसाठी असतो आणि फोटो झाला की संपतो, एवढंच तो शिकला होता. १९७३ मध्ये मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी बालवाडीतल्या मुलांवर एक प्रयोग केला होता. स्केचपेनने चित्रं काढायला मुळातच आवडणाऱ्या काही मुलांना ‘चित्र काढलंस तर प्रशस्तिपत्र मिळेल’ असं आधी सांगितलं. पुढे मोकळ्या वेळात तीच मुलं इतरांपेक्षा कमी चित्रं काढू लागली. ज्यांना काही न सांगता चित्र झाल्यावर अचानक प्रशस्तिपत्र दिलं, त्यांची गोडी कमी झाली नाही. पालकांसाठी यातला महत्त्वाचा भाग हा दुसरा आहे. अधूनमधून, नकळत काढलेला फोटो खेळाची गोडी घालवत नाही. दर वेळी फोटो ‘होणारच’ अशी अपेक्षा बसली की घालवतो. त्या मुलाच्या आईला मी एवढंच सुचवलं की तो धावत आला की आधी फोन न घेता त्याच्याबरोबर मनोऱ्यापाशी जायचं, जमिनीवर बसायचं आणि विचारायचं, ‘हा खालचा एवढा रुंद का केलास?’ हळूहळू फोटोची मागणी कमी झाली आणि मनोरे उंच व्हायला लागले.

तुमच्या प्रश्नात आलेली नाही, पण विचारल्याशिवाय राहवत नाही अशी एक गोष्ट म्हणजे रडण्याचे व्हिडिओ. मूल रुसलंय, घाबरलंय, हट्ट करतंय, लस टोचल्यावर हुंदके देतंय, आणि समोरचा मोठा माणूस हसत शूट करतोय. ‘किती गोड रडते’ म्हणून तो ग्रुपवर जातो, खाली हसण्याचे इमोजी येतात. माझ्या मते कुटुंबातल्या सगळ्या फोटो-व्हिडिओंत मुलाला खरंच दुखावणारा प्रकार हाच. रडणारं मूल आपल्याकडे बघतं ते जवळ घेण्यासाठी. त्याला त्या वेळी प्रेक्षक मिळाला तर ते गोंधळतं: माझं दुःख गमतीचं आहे? काही मुलं मग जास्त जोरात रडतात, काही एकटी कोपऱ्यात जाऊन रडायला लागतात. तुमच्या घरी हे होत असेल तर आजच थांबवा. बाकी सगळं हळूहळू बदललं तरी चालेल.

आता तुमच्या मिस्टरांचं म्हणणं, की हे दिवस परत येणार नाहीत. ते खरंच आहे आणि त्यांच्या हौसेमागे प्रेम आहे. त्यांच्याशी भांडण करू नका. पण फोटो काढला म्हणजे आठवण आपोआप जपली जाते, असं होत नाही. २०१४ मध्ये लिंडा हेंकेल यांनी विद्यार्थ्यांना कलासंग्रहालयात नेलं. काही वस्तू नुसत्या बघायला सांगितल्या, काहींचे फोटो काढायला. दुसऱ्या दिवशी फोटो काढलेल्या वस्तू त्यांना कमी आठवत होत्या. मात्र वस्तूचा एखादा भाग जवळून टिपायला सांगितला तेव्हा हा तोटा झाला नाही, कारण त्यासाठी नीट बघावं लागतं. २०१७ च्या अ‍ॅलिक्झांड्रा बराश आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगांत, स्वतःच्या मर्जीने फोटो काढणाऱ्यांना दिसलेलं जास्त लक्षात राहिलं, पण कानावर पडलेलं कमी. हे सगळे प्रयोग मोठ्यांवरचे आहेत, त्यामुळे त्यांचा उपयोग मी मुलांबद्दल नाही, आईवडिलांबद्दल बोलताना करते. मुलगी काय बोलली, तिच्या तोंडचा तो नवा शब्द, हे फोन धरलेल्या बापाच्या हातून निसटण्याची शक्यता असते. व्हिडिओत आवाज असतो, हे मान्य. पण हजारो व्हिडिओंतून तो परत कोण शोधतं?

आणि मुलीची स्वतःची आठवण? बहुतेक मोठ्या माणसांना तीन-साडेतीन वर्षांच्या आधीचं काहीच आठवत नाही. त्यानंतरचं काय टिकतं हे बऱ्याच अंशी घरातल्या बोलण्यावर ठरतं. रॉबिन फिवुश आणि एलेन रीज यांनी वर्षानुवर्षं आया आणि मुलांमधलं जुन्या गोष्टींबद्दलचं बोलणं अभ्यासलं. ज्या आया मोकळे प्रश्न विचारतात, मुलाने सांगितलेल्या तुकड्यात भर घालतात, तेव्हा कसं वाटलं होतं हे बोलतात, त्यांच्या मुलांच्या आठवणी पुढे जास्त तपशीलवार होतात. फोटो हे अशा बोलण्याचं उत्तम निमित्त आहे. बोरन्हाणाचा एक फोटो घेऊन बसलं की ‘हे डोक्यावर काय पडतंय गं?’, ‘बोरं कोणी कोणी वेचली?’, ‘दादाने चुरमुरे खाल्ले तेव्हा तू काय म्हणालीस?’ असं कितीतरी निघतं. पूर्वी घरात मोजकेच फोटो असत, स्टुडिओत जाऊन काढलेला एखादा, लग्नाकार्यातले चार, पण त्या प्रत्येक फोटोची गोष्ट घरातल्या सगळ्यांना पाठ असे. आता फोटो हजारो आणि गोष्ट एकाचीही नाही, ही खरी उणीव.

यातही एक सावधगिरी आहे. फोटो आठवण जागवतो तसा घडवतोही. २००२ मध्ये किम्बर्ली वेड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही मोठ्या माणसांना त्यांच्या लहानपणीचा, गरम हवेच्या फुग्यात बसल्याचा बनावट फोटो दाखवला. तसं कधी घडलंच नव्हतं, तरी काही भेटींनंतर निम्म्या जणांना थोडंफार ‘आठवायला’ लागलं. मुलं तर आपल्या सांगण्यावर याहून सहज विश्वास ठेवतात. म्हणून फोटो दाखवून ‘बघ तू किती खूश होतीस’ असं ठरवून सांगू नका. ती त्या दिवशी कंटाळली असेल, ढोलाच्या आवाजाला घाबरली असेल. ‘तेव्हा तुला कसं वाटत होतं?’ असं विचारा आणि ती सांगेल ते ऐका.

फिल्टरबद्दल मी कडकच बोलते. आपल्याकडे बऱ्याच फोनमध्ये चेहरा उजळ करणारी सोय आपोआप चालू असते, आणि नसली तर कोणीतरी हौसेने चालू करतं. मग मुलीला रोज स्वतःचा चेहरा दिसतो तो मुळापेक्षा गोरा, गुळगुळीत. आरशात मात्र दुसराच. घरात वर ‘या फोटोत किती गोरी दिसतेय’ असं कौतुक होतं. चार-पाच वर्षांच्या मुली माझ्यासमोर बसून ‘मी काळी आहे ना, म्हणून’ असं म्हणतात तेव्हा ते वाक्य त्यांनी कुठून तरी ऐकलेलंच असतं. ती सेटिंग बंद करा. फोटोवर बोलताना ती कशी दिसते यापेक्षा ती काय करतेय यावर बोला. आणखी एक: बऱ्याच घरांत पहिल्या मुलाचे ढीगभर फोटो असतात, दुसऱ्याचे मूठभर. तुम्हाला पुढे दुसरं झालं तर हे लक्षात ठेवा, कारण ‘माझे फोटो कुठायत?’ हा प्रश्न धाकटी मुलं फार मनाला लावून विचारतात.

ग्रुप आणि स्टेटस हा वेगळा विषय आहे, तरी मानसिक बाजूपुरतं सांगते. फोटो लोकांना दाखवायचा आहे हे मनात असलं की काढणाऱ्याचा आनंदही कमी होतो, कारण लक्ष ‘बरा दिसेल का’ याकडे जातं. हे बराश यांच्याच २०१८ च्या अभ्यासात दिसलं होतं. मुलाला हा बदल लगेच जाणवतो. कपडे नीट कर, केस बघू, परत एकदा, अशा सूचना घरच्या अल्बमसाठी क्वचितच होतात. परदेशातल्या आजी-आजोबांना, मावशीला फोटो पाठवण्यात मला काहीच गैर वाटत नाही. मुलीला सांगून पाठवा, ‘हा आजीला पाठवू का?’ साडेतीन वर्षांची मुलगी याचं उत्तर देऊ शकते. स्टेटस मात्र ऑफिसमधल्या लोकांपासून गॅसवाल्यापर्यंत सगळ्यांना दिसतो. आंघोळीचे, कमी कपड्यांतले, शाळेचं नाव किंवा गणवेश दिसणारे फोटो तिथे टाकूच नका.

आपल्याकडच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरण्याआधी कंपन्यांनी आईवडिलांची संमती घ्यावी अशी तरतूद आहे. पण आईवडिलांनीच घरगुती कारणासाठी केलेल्या वापराला तो लागू होत नाही. फ्रान्सने फेब्रुवारी २०२४ मध्ये कायदा करून मुलाच्या छायाचित्राचा हक्क जपणं हे दोन्ही पालकांचं कर्तव्य ठरवलं, आणि मुलाला वयानुसार त्या निर्णयात सामील करायला सांगितलं. आपल्याकडे तशी तरतूद होईल तेव्हा होईल. तोवर तिच्या वतीने नकार देणारं घरात कोणीतरी हवं.

इथे मला तुमच्या सासूबाई आठवतात. दृष्ट लागून मूल आजारी पडतं असं मी मानत नाही. पण मूल सतत चारचौघांच्या नजरेसमोर ठेवू नये, ही त्यांच्या मनातली काळजी योग्य आहे, आणि आजच्या काळात ती जास्तच योग्य आहे. त्यांना वादात हरवू नका. कुठला फोटो घराबाहेर जाईल हे ठरवताना त्यांना सोबत घ्या.

मिस्टरांची हौस मोडू नका, तिला वळण द्या. ज्यांना फोटोग्राफीची खरी आवड असते त्यांना हे सांगितलं की पटतं: नाव घेऊन हाक न मारता, तिच्या उंचीवर बसून, ती जे करतेय ते थांबू न देता चांगला फोटो मिळवणं हे जास्त कसबाचं काम आहे. संध्याकाळचा काही वेळ फोन दुसऱ्या खोलीत ठेवून नुसतं खेळावं. महिन्याच्या शेवटी दोघांनी मिळून मुलीबरोबर बसावं, तिला आवडलेले थोडे फोटो निवडू द्यावेत आणि त्यांच्या प्रिंट काढून अल्बममध्ये लावाव्यात. निवडताना मुलं काय बोलतात ते ऐकण्यासारखं असतं. तिच्या हातातही कधी कॅमेरा द्या. ती तुमचे गुडघे, पंखा, मांजराची शेपटी असं काहीही काढेल, पण फोटो काढणारं माणूस काय करतं हे तिला आतून कळेल. आणि ज्याच्या हातात नेहमी फोन असतो तो फोटोंत कधीच नसतो, तेव्हा बाबा आणि मुलीचे चार फोटो तुम्ही काढा.

फोटोंचा चांगला उपयोगही मी रोज करते. शाळा सुरू होण्याआधी फाटक, वर्ग, बाई यांचे फोटो घरी दाखवले की रडणं कमी होतं. बाबा आखातात किंवा जहाजावर असतील तर उशाशी ठेवलेला फोटो लहान मुलाला आधार देतो. दत्तक आलेल्या मुलांसाठी तर आधीच्या संस्थेतल्या दिवसांचे फोटो लावून त्याच्या आयुष्याची गोष्ट सांगणारा अल्बम करतात, आणि तो त्या मुलासाठी अनमोल असतो. म्हणून फोटो बंद करा असं मी कधीच सांगत नाही.

दोन-तीन आठवडे हे करून बघा. ती फक्त फोनपासून तोंड फिरवत असेल, बाकी खेळणं, बोलणं, जेवण, झोप नेहमीसारखी असेल, तर निश्चिंत राहा. पण फोन नसतानाही ती माणसांची नजर टाळत असेल, हाक मारली तरी बघत नसेल, आधी येत असलेले शब्द बोलेनाशी झाली असेल, इतर मुलांपासून लांब राहायला लागली असेल किंवा विशिष्ट माणसाने फोन काढला तरच घाबरत असेल, तर त्याचं कारण फोटोंच्या संख्येत शोधत बसू नका. बालरोगतज्ज्ञ किंवा बालमानसतज्ज्ञ यांना प्रत्यक्ष दाखवा. शेवटची गोष्ट असेल तर त्या माणसाबरोबर तिला एकटं ठेवू नका आणि तिला शांतपणे बोलतं करा. डॉक्टरांकडे जाताना मिस्टरांनी काढलेले सहा महिन्यांपूर्वीचे आणि आत्ताचे, न सजवलेले दोन-चार व्हिडिओ बरोबर न्या. अनोळखी खोलीत मूल गप्प बसतं. घरी ते कसं खेळत-बोलत होतं आणि त्यात केव्हा फरक पडला, हे आम्हाला त्या व्हिडिओंतून कळतं.